नैसर्गिक संसाधने शिकवायची आहेत, वर्गात निम्म्याहून जास्त पोरं उसवाल्यांची. सुरुवात कुठून करू?

माळावरची | २७ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज मदत मागायला आलेय.

कोल्हापुरातल्या एका विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवते. तीन वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. यंदा 'नैसर्गिक संसाधने व व्यवस्थापन' हा एम.एस्सी. पहिल्या वर्षाचा पेपर गळ्यात पडलाय. चार क्रेडिट, म्हणजे साठ तास. आधीचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि विभागात सगळ्यांत नवी मी. त्यामुळे कुणी विचारलंसुद्धा नाही, वेळापत्रक लागलं तेव्हाच कळलं.

सरांच्या वह्या मिळाल्या. जंगल, पाणी, खनिजं, अन्न, ऊर्जा, जमीन अशी सहा खणांची मांडणी. प्रत्येक खणात व्याख्या, प्रकार, महत्त्व, ऱ्हासाची कारणे, उपाय. जंगलात चिपको, पाण्यात भाक्रा-नांगल, जमिनीत राजस्थान. चूक काहीच नाही. पण माझ्या वर्गाच्या खिडकीतून माळ दिसतो, माळाच्या पलीकडं ऊस दिसतो, आणि मी फळ्यावर राजस्थान काढतेय.

खरी अडचण पुढे आहे. वर्गात २६ जण. पहिल्या दिवशी विचारलं, घरी शेती कुणाकुणाकडे आहे? २१ हात वर. ऊस? १९. मी पुस्तकातलं वाक्य म्हणायला गेले, "उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं..." तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मग लावायचं काय?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण उत्तर नव्हतं. माझ्या फीचे पैसेही ऊस बिलातूनच आले होते.

तर कुणी असा विषय शिकवला असेल, शिकला असेल, किंवा नुसता जगला असेल तर सांगा. पुस्तकांची यादी नको. कुठं न्यायचं, काय मोजायचं, काय विचारायचं ते हवंय. आणि जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पाऊस कोसळत असताना क्षेत्रभेट कशी करायची?

---

काटाकिर्र | २७ जून, रात्री १०:१५

मॅडम, मागच्या बाकावरचं ते पोरगं मीच होतो म्हणा. म्हणजे १२ वर्षांपूर्वी, दुसऱ्या कॉलेजात. त्यावेळी सरांनी "विषय सोडून बोलू नका" म्हटलं हुतं. तुम्ही निदान हसला तरी. नाद खुळा.

---

निवृत्त_पाटकरी | २८ जून, सकाळी ६:४०

मॅडम, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पाटकरी (कालव्याचं पाणी रानोरान सोडणारा) नव्हतो, त्याच्या वरचा होतो, पण काम पाटकऱ्यांकडूनच शिकलो म्हणून हे नाव. शिकवण्यातलं मला कळत नाही, पाण्यातलं थोडंफार कळतं.

पहिली गोष्ट, पोरांना पाणी मोजायला शिकवा. व्याख्या नंतर. आमच्याकडे नवीन इंजिनीअर यायचे, त्यांना टीएमसी (अब्ज घनफूट) तोंडपाठ, पण एक टीएमसी म्हणजे किती हे डोळ्यांपुढं येत नसे. मी त्यांना तीन आकडे द्यायचो.

एक एकर रानात एक इंच पाणी उभं केलं तर ते सुमारे १ लाख लिटर. हिशेब सोपा आहे, पोरांकडूनच करून घ्या. आता घरी बापाला विचारा, एका पाळीला, म्हणजे एकदा पाणी दिलं की, रानात किती इंच पाणी बसतं? सरीतून मोकळं सोडलं तर तीन इंच सहज. म्हणजे एकराला एका पाळीत ३ लाख लिटर.

दुसरा आकडा. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं, काळम्मावाडी २५.३९ चं.

तिसरा मला स्वतःला फार आवडतो. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपसूक उघडतात, उतरलं की मिटतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (घनफूट दर सेकंदाला) पडतं, म्हणजे सेकंदाला साधारण ४० हजार लिटर. सातही उघडले आणि वीजगृहाचं पाणी धरलं की साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास. आता गंमत बघा. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चाललं की बरोबर एक टीएमसी होतो. म्हणजे राधानगरी पूर्ण उघडली की दिवसाला जवळजवळ एक टीएमसी. हे एकदा डोक्यात बसलं की पेपरातली पावसाळ्याची प्रत्येक बातमी पोरगं वेगळ्या नजरेनं वाचतं.

आणि पावसाळ्यात क्षेत्रभेट कशाला पाहिजे? कोल्हापुरात जुलैमध्ये रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात, "बंधाऱ्याला किती फूट?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज जाहीर होते. इशारा ३९ फूट, धोका ४३. २०१९ ला ५५ च्या वर गेली होती. पोरांना रोजची पातळी, राधानगरीचा विसर्ग आणि गगनबावड्याचा पाऊस हे तीन आकडे लिहून ठेवायला सांगा. महिन्यानं आलेख काढा. मग विचारा, पूर आणला कुणी?

---

सडाफुली | २८ जून, दुपारी १:०५

पाटकरी काकांना साष्टांग. ११,५७४ मला माहीत नव्हतं, आणि मी पीएच.डी. केलीय!

माझी सूचना खडकाची. कोल्हापूर जिल्हा हा या विषयासाठी बांधून दिलेला धडा आहे. गगनबावड्याहून निघा आणि पूर्वेला शिरोळकडे चला. सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर जेमतेम. तेवढ्यात पाऊस सुमारे दहापटीनं उतरतो. वर जांभा म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, सडे म्हणजे त्याचे सपाट माथे, दाट जंगल, मध्ये भाताची खाचरं, मग ऊस, आणि टोकाला काळी खोल जमीन. एकाच दिवसात जंगल, खनिज, पाणी, माती, शेती. तुमच्या सरांचे सहा खण एका रस्त्यावर ओळीनं मांडलेत.

खनिजं शिकवताना कोळसा-लोखंड राहू द्या बाजूला. आपल्याकडे जांभ्यात बॉक्साइट आहे. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड. ज्या सड्यावर पावसाळ्यात इवल्या इवल्या फुलांचा गालिचा होतो, त्याच सड्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा कच्चा माल. वरून बघणाऱ्याला "पडीक माळ" दिसतो. सातबारावर पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. गुरं चारणाऱ्याला चरण दिसतं, आमच्यासारख्यांना दुसरीकडं न सापडणाऱ्या वनस्पती दिसतात, आणि खाणवाल्याला टनेज. 'संसाधन' हा शब्द कुणाच्या तोंडून येतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो, हे समजवायला सड्यासारखी जागा नाही. माझ्यासाठी हा पेपर तिथंच सुरू होतो.

पश्चिम घाटाच्या समित्यांचं राजकारण एका तासात उरकू नका. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. पहिल्यानं अख्खा घाट संवेदनशील धरून तीन पातळ्या केल्या, दुसऱ्यानं सुमारे ३७ टक्के क्षेत्र धरलं. पोरांना दोन गट करून गावाची ग्रामसभा करायला लावा. मी केलीय. भांडण इतकं रंगलं की शिपाई बघायला आला.

---

पेठेतला | २८ जून, सायं. ७:३०

पाटकरी यांचा हिशेब पुढे नेतो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. उसाच्या एका एकराला एका पाळीत ३ लाख लिटर. म्हणजे एका माणसाचं सहा वर्षांचं पाणी एका पाळीत जमिनीत! आणि अशा पाळ्या वर्षभर. हे वर्गात स्पष्ट सांगायला काय हरकत आहे? ठिबक सक्तीचं करा म्हणावं. विज्ञान शिकवताना पालक काय म्हणतील याचा विचार करायचा नसतो.

---

काटाकिर्र | २८ जून, रात्री ८:०२

आली का पुण्याची स्वारी. दादा, हिशेब बरोबर हाय, त्याला ना नाही. पण चहात साखर किती घेता? ते पाणी आम्ही पीत नाही, पिकाला जातं आन पीक तुमच्या कपात येतं.

ऊस का लावतो ते ऐका. कारखाना नेतो. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कायद्यानं ठरलेली. उशिरा का होईना, बिल येतं. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण एकदा केली की पोरीच्या लग्नाची तारीख धरता येते. माझ्या चुलत्यानं टोमॅटो केला हुता, तोडणीची मजुरीबी निघंना म्हणून रानातच नांगरला. त्यावर्षी त्याला कुणी १३५ लिटर विचारलं नाही.

मॅडम, "लावायचं काय?" ह्या प्रश्नाचं उत्तर पाण्यात नाही, बाजारात हाय. ते तुमच्या पेपरात हाय का?

---

माळावरची | २८ जून, रात्री ११:२०

नाही ओ. 'आर्थिक बाबी' असा एक शब्द आहे, पाचव्या घटकाच्या शेवटी.

पाटकरी काका, तिन्ही आकडे वहीत पहिल्या पानावर लिहिले. पेठेतले, तुमचा सहा वर्षांचा हिशेब आणि काटाकिर्र यांचं उत्तर, दोन्ही वर्गात शेजारी शेजारी ठेवणार आहे. मी मध्ये पडणार नाही.

---

रसायनगोटी | २९ जून, सकाळी ११:१०

प्रयोगशाळेचं बोलतो. पंचगंगेबद्दल भाषण देऊ नका, विंकलर करून घ्या. पाण्यात विरघळलेला प्राणवायू काढायची जुनी पद्धत, महागडं यंत्र लागत नाही. तीनशे मिलीची काचेची बाटली बुडबुडा राहू न देता भरायची. मँगनस सल्फेट घालायचं, मग अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड. बाटली उलटसुलट केली की साका धरतो. साका तपकिरी म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे. पांढरा राहिला तर नाही.

मी एकदा मुलांना दोन बाटल्या आणायला सांगितल्या. एक प्रयाग संगमाच्या वरची, एक शहरातल्या जयंती नाल्याची. पहिली भरली तशी तपकिरी झाली, मुलं फोटो काढायला लागली. दुसरी पांढरी. एका मुलीला वाटलं तिच्याकडून रसायन घालायचं राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा पांढरी. मी काही बोललो नाही. पुढचे आकडे त्यांनी स्वतः काढले, थायोसल्फेटनं, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. "प्रदूषणाची कारणे लिहा" हा प्रश्न त्या वर्षी कुणी पाठ करून लिहिला नाही.

नमुना काठावरच 'फिक्स' करायचा बरं का. बाटली पिशवीत घालून दोन तासांनी प्रयोगशाळेत आणली तर आकडा बदलतो. मुलं वाटेत वडापाव खायला थांबतात, हे अनुभवानं सांगतो.

---

थंडीतला_बावड्याचा | ३० जून, पहाटे ४:४५

इथं रात्र नाही, तुमच्याकडं पहाट असेल. मी कसबा बावड्याचा, सध्या अमेरिकेत एका विद्यापीठात याच विषयाच्या विभागात शिकवणी-साहाय्यक आहे.

इकडं 'नॅचरल रिसोर्सेस' नावाचं अख्खं महाविद्यालयच असतं काही ठिकाणी. मुळात ही विद्यापीठं १८६२ च्या मॉरिल कायद्यातून आली. सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या संस्था काढायच्या. त्यामुळं शेतकऱ्याच्या बांधावर जाणं हे इथं प्राध्यापकाला कमीपणाचं वाटत नाही. वनशास्त्राची मुलं उन्हाळ्यात काही आठवडे जंगलात तळ ठोकून झाडांची उंची-घेर मोजतात. पण एक सांगतो, इथलं पुस्तक उचलून तिकडं शिकवू नका. इथल्या उदाहरणांत जमीन मैलांत असते. गुंठ्यावरून भाऊबंदकी झालेली बघितली नसेल त्याला सामाईक संसाधन काय शिकवणार?

एक खेळ मात्र घ्या. चौघांच्या मध्ये ताटली, ताटलीत १६ शेंगदाणे. हे तळ्यातले मासे. प्रत्येक फेरीत प्रत्येकानं हवे तेवढे उचलायचे, बोलायचं नाही. उरतील त्यांची दुप्पट करायची, पण १६ च्या वर नाही. ताटली रिकामी झाली की खेळ संपला. नंतर तोच खेळ बोलायला परवानगी देऊन. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्याच प्रश्नावरच्या कामासाठी. लोक एकत्र बसून नियम करतात आणि पाळतात, हे त्यांनी गावोगावच्या उदाहरणांतून दाखवलं.

---

निवृत्त_पाटकरी | ३० जून, सकाळी ७:००

नोबेल बाईंना मिळालं याचा आनंद आहे. आमच्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत लोक शेकडो वर्षं हेच करत आले. नदीवर बंधारा, पाण्याचा वाटा फडानुसार, आणि कुठल्या फडात काय पीक घ्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बदली होऊन मी तिकडं गेलो तेव्हा बघितलं. पाटकऱ्याला गाव धान्य द्यायचं, म्हणून पाटकरी गावाला भ्यायचा. आमच्या खात्यात उलटं होतं.

---

माळावरची | १९ जुलै, रात्री १०:३०

मंडळी, उशीर झाला, माफी. वर्ग चालू होते, मग पाऊस, मग सुट्ट्या, मग पुन्हा वर्ग. तुमच्यातलं बरंच करून बघितलं.

शेंगदाण्यांचा खेळ. पहिल्या डावात सहा ताटल्यांपैकी पाच पहिल्याच फेरीत रिकाम्या. सहाव्या ताटलीत चार शेंगदाणे उरले, कारण त्यातल्या एकानं स्वतःच्या वाट्याचं खाऊन टाकलं आणि पुढचं उचलायचं विसरला. दुसऱ्या डावात बोलायला परवानगी दिली, तर एका ताटलीवरच्या मुलानं अर्ध्या मिनिटात ठरवलं, "प्रत्येकानं दोन. वर उचलला तर पुढची फेरी बंद." मी विचारलं, कुठून सुचलं? म्हणाला, "आमच्या उपसा सोसायटीत, म्हणजे नदीचं पाणी उपसून वाटून घेतो त्या संस्थेत, असंच हाय. पाळी चोरली तर पुढची पाळी गेली." चौघांनी दोन-दोन उचलले, आठ उरले, दुप्पट होऊन परत सोळा. बरोबर जेवढे उचलायला हवेत तेवढेच. त्याला सूत्र माहीत नव्हतं. ते सूत्र मी नंतर फळ्यावर लिहिलं, तर म्हणाला, "हे तर आपलंच की."

आलेखाचं सांगते. पहिला आठवडा मुलांना कंटाळा आला. दुसऱ्या आठवड्यात पातळी ३९ कडे सरकायला लागली आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री दोनपर्यंत जागा. चिखलीकडची दोघं घरात अडकली, त्यांनी तिकडून दारातल्या पायऱ्यांवरचं पाणी मोजून पाठवलं. एक पायरी, दोन पायऱ्या. आम्ही त्यावरून वेगळी रेघ काढली.

आणि पाटकरी काका, पूर आणला कुणी? वर्गातल्या बहुतेकांचं आधीपासूनचं उत्तर "राधानगरी" किंवा "अलमट्टी" (कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण). आलेखावर मात्र राधानगरीचे दरवाजे उघडायच्या आधीच बंधाऱ्याची रेघ चढायला लागलेली. मग नकाशा काढला. राधानगरी धरण भोगावतीवर, आणि भोगावती ही पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांपैकी फक्त एक. कासारी, कुंभी, तुळशी वेगळ्या येतात, शिवाय धरणांच्या खाली जो पाऊस पडतो त्याला कुठलाच दरवाजा नाही. एक मुलगी आलेखाकडं बघत म्हणाली, "म्हणजे पप्पा गेली वीस वर्षं चुकीच्या धरणाला शिव्या देतायत."

---

पेठेतला | २० जुलै, सकाळी ९:१५

अलमट्टीचं काय शिकवलंत? तो विषय टाळू नका.

---

निवृत्त_पाटकरी | २० जुलै, सकाळी ९:५०

टाळू नका, पण एका बाजूनं नका. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर खापर फोडलं नाही, हे आपल्या लोकांना रुचत नाही. आणि अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायची म्हटल्यावर शिरोळच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हेही खोटं नाही. त्याचं घर संगमापाशी आहे, तिथं उतार नावालाच. कृष्णा फुगली की पंचगंगेला जायला वाट नाही, ती मागं सरकते. पोरांना दोन्ही कागद द्या.

---

चोपण_चारएकर | २० जुलै, रात्री ९:०५

शिरोळचं नाव निघालं म्हणून लिहितोय. एवढा वेळ पूर पूर चाललाय. पूर येतो, जातो, गाळ टाकून जातो. आमचं खरं मरण पाणी उतरल्यावर हाय. माझं चार एकर रान क्षारपड. आजोबांच्या वेळी त्यात शाळू यायचा डोक्यावर. वडिलांनी उपशाचं पाणी आणलं, ऊस केला, पंधरा-वीस वर्षं सोनं पिकलं. मग रानाला मीठ फुटलं. आता खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला ऊस) गुडघ्याएवढा येतो, शेंडे पिवळे. उन्हाळ्यात रान चुना मारल्यासारखं.

तुमच्या विद्यापीठातनं आजवर तीन वेळा लोक आले. माती नेली. आकडे मला कुणी दिले नाहीत. कुठल्या तरी मासिकात छापले असतील. मॅडम, पोरं आणायची तर आणा, पण यावेळी आकडे इथं ठेवून जायचे.

---

माळावरची | २० जुलै, रात्री ९:४०

दादा, शब्द देते. पावसाळा संपला की येतो. मीठ का फुटतं ते मुलांना आधी वर्गात सांगून आणते.

---

रसायनगोटी | २१ जुलै, दुपारी १२:३०

वर्गात सांगताना समई न्या. वात तेल कशी वर ओढते, तशी बारीक कणांची काळी माती खालचं पाणी वर ओढते. पाणी उडून जातं, मीठ वरच राहतं. निचरा नसला आणि वरून पाणी देतच राहिलं की भूजल वर येतं आणि वातीला कायमचं तेल मिळतं.

आणखी एक, यात हमखास घोळ होतो. पुस्तकात क्षारयुक्त जमिनीची खूण म्हणून विद्युत वाहकता ४ (डेसिसायमन प्रति मीटर) च्या वर असं दिलेलं असतं. ती मर्यादा संपृक्त अर्काची आहे, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून गाळून काढलेल्या पाण्याची. आपण सोयीसाठी १ भाग माती, अडीच भाग पाणी असं द्रावण करतो, त्याचा आकडा बराच कमी येतो. तो ४ शी ताडून "जमीन चांगली आहे" असं शेतकऱ्याला सांगून आलेले लोक मी बघितलेत. सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला तर मामला चोपणचा, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेल्या जमिनीचा, मीठ धुऊन भागत नाही, जिप्सम लागतं. खारवट आणि चोपण एकच समजू नका.

---

माळावरची | १४ ऑक्टोबर, रात्री ११:४५

आले जाऊन. सविस्तर लिहिते, कारण यातलं अहवालात काहीच बसत नाही.

आधी गाडीचं रडगाणं. क्षेत्रभेट अभ्यासक्रमात आहे, तिला गुण आहेत, पण बससाठी अर्ज दिला तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तीन आठवडे फिरला आणि "निधी उपलब्ध नाही" हा शेरा घेऊन परतला. एस.टी.नं गेलो. २६ पैकी २२ आले. फावडी, टेप, दोन वाहकता मीटर, एक गिरमिट, आणि मुलींनी आणलेले डबे.

चोपणदादांनी (खरं नाव सांगत नाही) आधी चहा पाजला, मग रानात नेलं. बांधावर उभं राहून मुलांना विचारलं, "काय दिसतंय?" कुणी म्हणालं पिवळा ऊस, कुणी म्हणालं गवत वेगळं आहे. त्यांनी वरंब्यावरची चिमूटभर पांढरी माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग सरीतली ठेवली. "ह्यात फरक हाय." आम्ही दोन्हीचं द्रावण केलं. वरंब्यावरच्या मातीचा आकडा सरीतल्या मातीच्या चौपटीहून जास्त. पाणी सरीत, आणि मीठ चढून बसलंय वरंब्यावर, जिथं उसाचं बेणं लावलंय त्याच्या अगदी शेजारी. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. समईची वात समोर होती.

मग गिरमिटानं नऊ भोकं पाडली, चार एकरांत आणि दादांनी शेजाऱ्यांना विचारून वरच्या-खालच्या रानांत. थोडा वेळ थांबलं की भोकात पाणी चढून येतं. वरच्या रानात साडेपाच फुटांवर, दादांच्या रानात अडीच-तीन, खालच्या ओढ्याजवळच्या रानात दीड फुटावर. शेंगदाण्यांच्या डावातला तो उपसा सोसायटीवाला मुलगा, त्यानं वहीच्या दोन पानांवर नकाशा काढला. गट नंबर, भोकं, खोली, आणि समान खोलीच्या रेघा. पाणी कुठून कुठं सरकतंय ते बाणांनी. बाण वरच्या रानातून दादांच्या रानात आणि दादांच्या रानातून खालच्या रानात.

दादा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे वरच्याचं मला, आन माझं खालच्याला." इतकी वर्षं ते सगळा दोष वरच्यावर ठेवत होते. खालचा त्यांच्याशी का बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं, पण मानत नव्हते. उपाय त्यांना आमच्याआधी माहीत होता. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे, निचरा ओढ्याला काढायचा. पण पाइप खालच्या चौघांच्या रानातून जायला हवा, आणि चौघांतला एक तयार नाही.

मुलांपैकी एकानं हळूच म्हटलं, "सोळा शेंगदाणे."

आणखी एक. परत येताना एस.टी.त पहिल्या दिवशी "मग लावायचं काय?" विचारणारा मुलगा माझ्या शेजारी बसला. घरी सहा एकर ऊस, कागल तालुक्यात, जमीन अजून चांगली आहे. म्हणाला, "मॅडम, आमच्यात गिरमिट कुणाकडं मिळंल?" मी म्हटलं, विभागाचं घेऊन जा, रजिस्टरवर सही कर.

---

पेठेतला | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

माझं आधीचं बोलणं जरा चढ्या आवाजातलं होतं. ठिबकबद्दलचं मत तेच आहे. पण नकाशा बघायला आवडेल.

---

काटाकिर्र | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

पुण्यानं माघार घेतली, धागा वर काढा रे! मॅडम, परीक्षेत काय विचारणार मग? "चिपको आंदोलनाचे महत्त्व"?

---

माळावरची | १५ ऑक्टोबर, दुपारी २:००

विद्यापीठाची प्रश्नपत्रिका माझ्या हातात नाही. येईल तेही. अंतर्गत गुणांना मात्र मी नऊ भोकांची खोली देऊन नकाशा काढायला लावलाय, शेवटी एकच प्रश्न: पाइप कुठून न्याल आणि त्याआधी कुणाच्या घरी चहाला जाल?

---

चोपण_चारएकर | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आकडे मिळाले, बाईंनी सगळे लिहून दिलेत. कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलेत. त्या पोराचा नकाशा तेवढा मोठा करून पाठवा, वहीच्या पानावर आमच्या म्हाताऱ्यांना दिसत नाही. दिवाळी झाली की चौघांना बसवतोय. जो तयार नाही त्याच्या पोराची बारावी झालीय यंदा, तुमच्याकडं ॲडमिशनचं काय असतंय ते जरा सांगून ठेवा.